रेडिएटरचा वरचा होज

३ मार्च, मंगळवार
बाबांना डायलिसिसहून आणताना इंजिनच्या तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला! चढावर, बॉनेटमधून वाफ. बाबा मागच्या सीटवर, डोळे मिटूनच म्हणाले, "झाकणाला हात लावू नकोस, भाजशील. थंड होऊ दे." पाऊण तास थांबलो, पाणी ओतलं, रखडत घरी. हॉस्पिटल सत्तर किलोमीटर. आठवड्यातून तीनदा. एक खेप चुकली तर - नकोच लिहायला.

४ मार्च
मेकॅनिक म्हणाला, "रेडिएटरचा वरचा होज, हा रबरी पाइप, फुगलाय ताई, कधीही फुटेल. पण सोमवारशिवाय जमणार नाही." सोमवार! उद्या जायचंय. भाड्याची गाडी मिळेना. नवा होज घेऊन आले.

बाबा अंगणात खुर्ची टाकून बसले. तीस वर्षं ट्रक चालवला, आता पाना धरवत नाही. मीच क्लिप सैल केली, पण होज जागचा हलेना! पिळला, ओढला. कट्‌ असा आवाज आला.

"ओढू नको! आतली रेडिएटरची नळी तुटली तर रेडिएटरच गेला. होजला उभी चीर दे. हलक्या हाताने, ब्लेड आत लागू देऊ नकोस."

चिरला. सालीसारखा सुटला. नळीवर पांढरी खपली होती, ती पॉलिश पेपरने घासून काढली. नळीला लावायला मी साधं ग्रीस घेतलं तर बाबा ओरडलेच - "त्याने रबर सडतं, वेडाबाई! सिलिकॉनचं घे. बोटभर नको, पुसटसं. म्हणजे परत चिकटणार नाही."

नवा होज बसवला, क्लिप आवळली, रेडिएटरमध्ये कूलंटचं पाणी भरलं. क्लिप फार आवळली का? कमी का? तीनदा उठून बघून आले.

५ मार्च, गुरुवार
गेलो. आलो. रस्त्यापेक्षा काट्याकडेच जास्त बघत होते. दोनदा थांबून होजखाली बोट फिरवलं. कोरडं. बाबा वाटभर खिडकीबाहेर बघत होते.

६ मार्च
कुकरची शिट्टी झाली आणि हातातली बशी पडली. वाफेचा आवाजच सहन होत नाही.

७ मार्च, शनिवार
सकाळी सहाला कूलंट बघितलं - भरलेलं, थेंब गळालेला नाही. गाडी सुरू केली. हॉर्न दिला. बाबा आले नाहीत. आत गेले तर पलंगावर बसलेले, पायात चपला नाहीत.

"गाडी बंद कर, बाळ. मला आता जायचं नाही. आजही नाही, मंगळवारीही नाही."

तास झाला. गाडी अजून चालूच आहे.