आत्याचं पान

आत्या, तुला मी कधी पत्र लिहिलं नाही. लिहायची वेळच आली नाही, दर शुक्रवारी तू समोर असायचीस. मध्ययुगातल्या ख्रिस्ती मठांमधल्या बायकांवर थीसिस करायला म्हणून मी पुण्याहून शिकागोला आले, तेव्हा बाबांनी तुला फोन करून सांगितलं होतं, पोरीला जरा समजाव, अजून वेळ आहे, कॉम्प्युटरला जा म्हणावं. तू समजावलं वगैरे काही नाहीस. "तुला जेवायला कोण घालणार, त्या नन्स?" एवढंच विचारलंस आणि दर शुक्रवारी मी ट्रेनने तुझ्याकडे, शिकागोबाहेर नेपरव्हिलला यायचं, हे परस्पर ठरवूनही टाकलंस. तू स्टेशनबाहेर गाडीत बसलेली असायचीस, हॉस्पिटलचे बूट तसेच पायात. भूल देणारी डॉक्टर तू, बोलायला लागलीस की समोरचा पेशंट झोपणार, त्यामुळे आठवड्याचं सगळं साठलेलं बोलणं माझ्या वाट्याला यायचं.

मी कणीक मळतेय, तू कांदा चिरतेयस, आणि मी तुला सांगतेय की मठाची प्रमुख बाई म्हणजे कुणी भोळीभाबडी नव्हे, शेतं, गिरण्या, कुळं सगळी तिच्या हाताखाली. पण मुलीला तिथे घालायचं तरी बापाला बहुतेक वेळा तिच्याबरोबर काहीतरी द्यावंच लागे. त्यावर तू सुरी खाली ठेवलीस. म्हणालीस, म्हणजे देवाशी लग्न लावलं तरी हुंडा काही सुटला नाही बायांचा. आणि इतकी हसलीस की तुला ठसका लागला. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत काकूमंडळी तुला दर वर्षी न चुकता विचारायच्या, एकटी कशी गं राहतेस एवढ्या मोठ्या घरात. तू माझ्याकडे बोट दाखवायचीस, ही आहे ना, माझ्या मठातली नवशिकी. मला राग यायचा आणि बरंही वाटायचं, दोन्ही एकदम.

मग पितृपक्षातला तो शनिवार. तू आजीसाठी पान वाढून मागच्या डेकवर ठेवलंस. कावळा यायच्या आधी खार आली आणि वडा घेऊन पळाली. आजीला खारी आवडायच्या, असं तू ठोकून दिलंस आणि आपण आत येऊन जेवायला बसलो. तुझा पहिला घास हातातच राहिला. रोज माणसांना झोपवून परत जागं करणारी तू, मी तुला घाबरलेली कधी पाहिलीच नव्हती.

"माझं पान कोण वाढणार गं?" तू म्हणालीस. "मला ना मूल, ना बाळ."

मी लगेच बोलले. त्या मठांमध्ये कुणी वारली की महिनाभर तिच्या जागेवर रोज तिचं जेवण वाढायचे आणि नंतर ते दाराशी आलेल्या गरिबाला द्यायचे. पोटची पोरं तिथे कुणालाच नव्हती. जिच्याबरोबर जन्मभर जेवलो, तिचं पान मठातल्या बाकीच्या बहिणी वाढायच्या. खरंच का, तू विचारलंस. मी म्हटलं, खरंच, पुस्तकात आहे. "मग ठीक आहे," म्हणालीस, आणि दोनदा भात घेतलास.

तू गेलीस तेव्हा बाबा फोनवर म्हणाले, इथे गुरुजींकडून सगळं यथासांग करून घेतो, तू काळजी करू नकोस. मी काळजी केली नाही, तुझ्या घरी राहून स्वयंपाक केला. तुझ्या खुर्चीपुढे ताट वाढलं, मग ते सगळं डब्यात भरून गरजूंना अन्न वाटणाऱ्या फूड पँट्रीत नेलं. तिथल्या बाईंनी अगदी गोड बोलून परत पाठवलं, घरी शिजवलेलं चालत नाही, सीलबंद डबे आणा. आता नेपरव्हिलमध्ये दाराशी याचक आणायचा कुठून? इथे दाराशी येतो तो पार्सलवाला. शेवटी समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईंची बेल वाजवली. तू गेल्याचं आणि हे ताट का, ते सांगितलं. त्यांनी डबा घेतला आणि फार तिखट नाही ना, एवढंच विचारलं. चौथ्या दिवसापासून काटा-चमचा हातात घेऊनच दार उघडायच्या. पिवळं वरण त्यांना फार आवडलं. शेवटच्या दिवशी म्हटलं, उद्यापासून नाही, महिना झाला. त्यांनी माझा हात धरला. परत येताना मी तुझ्या ड्राइव्हवेवर उभी राहून रडले, चांगली हमसून हमसून रडले.

आता खरं सांगते. ती पान वाढायची रीत मी वाचली होती ती पुरुषांच्या मठांबद्दल. बायकांच्या मठाबद्दल तेव्हा माझ्या हाती काहीच नव्हतं. तुझ्या हातातला तो घास बघितला आणि त्या बहिणी मी माझ्या मनाने घातल्या. थीसिस झाला, मी शिकवायला लागले, केस पांढरे झाले, तरी जे पुस्तक हाती येईल त्यात मी अजून तेच शोधते. बायकांनी बायकांसाठी काय केलं, हे लिहून ठेवायला सहसा कुणाला सुचलेलं नसतं. असेलही कुठे, मला अजून सापडलेलं नाही. पण बायकांच्या एका घरात असं झालं, एवढं मला नक्की माहीत आहे.

हे पत्र पाठवता आलं असतं, तरी पाठवलं नसतं. तू दोनदा भात घेतला होतास.