रेघेबाहेर चार बोटं

शनिवार, २ मार्च

गाडी आज शेडमध्ये घेतली. बाहेर अजून बर्फाचे ढीग आहेत, पण माझ्या बायकोला, लिओनाला धीर नाही. "यंदा लवकर लाग कामाला," म्हणाली. लागलो.

पुढची चाकं काढली, जुने शॉक-अब्सॉर्बर उतरवले. तिची ही दोन सीटची छोटी गाडी. शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला ती रोज हीच घेऊन जायची. वर्षातले पाच शनिवार हीच गाडी नारिंगी शंकूंमधून पळवायची – ऑटोक्रॉस. एका वेळी एकच गाडी, समोर फक्त घड्याळ. स्पर्धेच्या आमच्या वर्गात गाडीला फार हात लावता येत नाही. शॉक, टायर, खालचा एक आडवा दांडा, चाकांचे कल – बाकी कारखान्यातून आली तशी. मला हे पहिल्यापासून आवडतं. मोजकं दिलंय, त्यात काय होईल ते कर.

तिच्या आजाराचं नाव डॉक्टरीणबाईंनी जानेवारीत सांगितलं. लांबलचक आहे, इथे लिहीत नाही. सुरुवात हातांपासून झालीय. "कुणाचं सावकाश जातं, कुणाचं भरभर," त्या म्हणाल्या. लिओनाने पर्स उचलली. म्हणाली, "माझं सावकाश."

बरं. सावकाश.

गुरुवार, ७ मार्च

जेवताना तिने बिटाच्या लोणच्याची बरणी माझ्यापुढे सरकवली.  मी झाकण उघडून परत सरकवली. 

रविवार, २४ मार्च

झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. चर्चमध्ये गुडघे टेकले आणि काय मागावं तेच सुचेना. ती बरी व्हावी, हे जानेवारीपासून रोज मागतोय. देवाला एकच गोष्ट किती वेळा सांगायची? त्याला ऐकू येत नाही असं थोडंच आहे! शेवटी मागितलं की तिच्या हाताला स्टिअरिंग हलकं लागू दे.

उठताना लाज वाटली. पण मागितलं खरं.

शनिवार, १३ एप्रिल

दिवसभर चाकांचे कल. दोन्ही बाजूंना दोऱ्या ताणल्या. पुढच्या चाकांखाली दोन-दोन फरश्या, मध्ये ग्रीस, म्हणजे चाक अलगद वळतं. यंत्रावर करून देणारा माणूस गावात आहे, पण त्याला घाई असते.

पुढचं चाक ज्या खिळ्यावर वळतं तो वरून थोडा मागे कललेला असतो. तो कल कमी केला की स्टिअरिंग हलकं होतं. पण मग ते वळणानंतर आपणहून सरळ होत नाही, हातानेच आणावं लागतं. एका हाताने द्यायचं, दुसऱ्याने काढून घ्यायचं. तरी कमी केला.

लिओना कोट घालून शेडमध्ये आली, बसली, चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं.

"काय केलंस हे?"

"कल थोडा कमी केला."

"म्हाताऱ्यांची गाडी केलीस!" परत एकदा फिरवलं. मग हळूच, "बरी आहे."

उतरेचना. मी पुसलेले पाने परत पुसत राहिलो. तिथूनच म्हणाली, "मला एकदाच आर्डिसला मागे टाकायचंय रे. नऊ वर्षं झाली. दरवेळी ती पहिली, मी दुसरी. एकदा, बस."

"यंदा नाही तर पुढच्या वर्षी," मी म्हणालो.

"पुढचं वर्ष आहेच की."

शनिवार, १८ मे

पहिली स्पर्धा, जत्रेच्या मैदानावर. मी यंदा चालवत नाही. टायर तिच्यासाठी राखायचेत. मी आपला शंकू उचलायला उभा.

आयोजक रूडी हावेल्का. त्याच्या हातात लिओनाने डॉक्टरांची चिठ्ठी ठेवली. त्याने वाचली, घडी घातली, खिशात टाकली आणि आभाळाकडे बघत म्हणाला, "वारा आहे आज." एवढंच. भला माणूस.

तेवढ्यात आर्डिस आली. एकसष्टची आहे, तीस वर्षं खेड्यापाड्यांत टपाल वाटलं बाईने. गाडीखाली वाकून बघते काय! "काय गं लिओना, तुझ्या भगताने गाडीला पवित्र पाणी शिंपडलंय का?"

"आम्ही लुथरन आहोत बाई. आमच्यात पाणी शिंपडत नाहीत, नुसतं ग्रीस लावतो."

"मग हरशील!"

हरलीच. एक पूर्णांक एक दशांश सेकंद. पण शंकू एकही पाडला नाही. गिअर दुसराच ठेवते शेवटपर्यंत, म्हणजे उजवा हात चाकावरून काढावा लागत नाही.

शनिवार, १५ जून

पाऊण सेकंदाने हरली. टायरच्या कडेच्या खडूच्या खुणा फार खालपर्यंत पुसल्यात, म्हणजे वळणात टायर कडेवर लोळतोय. पुढच्या चाकांत हवा दोन पौंड वाढवतो, चाक आणखी हलकं होईल.

शनिवार, २० जुलै

दोन शंकू पाडले. 

रविवार, ११ ऑगस्ट

आता तिची बटणं मी लावतो.

आज स्तोत्राच्या दुसऱ्या ओळीतच तिचा दम तुटला. तिने पुस्तकात पान शोधत असल्यासारखं केलं. पान उघडलेलंच होतं. पुढच्या ओळी मी दोघांच्या वाटच्या मोठ्याने म्हटल्या, शेजारचे वळून बघायला लागले इतक्या.

हे भरभर जातंय. इथे लिहितोय तेवढंच. तिच्यापुढे तोंडातून काढणार नाही. परवाच मला म्हणाली, "पुढच्या वर्षी मागचे शॉक बदलू." मी हो म्हणून कागदावर टिपूनही घेतलं.

शनिवार, १७ ऑगस्ट

चौथ्या स्पर्धेला गेली नाही. सकाळी पायऱ्या उतरून गाडीपर्यंत गेली आणि परत आली. "उन्हाचं नको," म्हणाली. ऊन फारसं नव्हतं.

शनिवार, ७ सप्टेंबर

पुढच्या शनिवारी शेवटची स्पर्धा, जुन्या विमानतळाच्या काँक्रीटवर. पुढचा आडवा दांडा एक भोक सैल केला, म्हणजे नाक पटकन वळेल, तिला चाक फार फिरवावं लागणार नाही. स्वतः शेताच्या रस्त्यावर चालवून बघितली. फार छान चालते. इतकी छान गाडी मी आजवर तयार केली नव्हती.

गाडी परत आत आणली आणि शेडमध्ये बसून रडलो. लिहायला नको खरं तर.

शनिवार, १४ सप्टेंबर

जिंकली!!

शेवटच्या फेरीत – सहा दशांश सेकंदांनी! आर्डिसने डोक्यावरची टोपी काढून लिओनाच्या डोक्यावर ठेवली. "घे गं बाई. आत घाम आहे, तक्रार नको." लिओना इतकी हसली की खोकला थांबेना. रूडीने तिच्या पाठीवर हात ठेवला, काढलाच नाही बराच वेळ.

येताना कोबी-खिमा भरलेले पाव घेतले. मी अर्धाच खाल्ला.

रविवार, १५ सप्टेंबर

आज प्रभुभोजन होतं. मी बाकावरच बसून राहिलो. पाद्रीबाबांनी बघितलं.

लिहूनच टाकतो.

प्रत्येक शंकूभोवती खडूने चौकट आखलेली असते. गाडी लागून शंकू आडवा झाला की दोन सेकंद दंड. उभाच सरकला आणि चौकटीबाहेर गेला, तरी दोन सेकंद. पण उभा असेल आणि रेघेला जरा जरी टेकून असेल तर माफ. ते बघायला जागोजागी माणूस उभा असतो, हातात रेडिओ. तो सांगेल ते खरं. कुणी परत तपासायला येत नाही. सगळा खेळ त्या एका शब्दावर चालतो.

नवरा-बायकोच्या फेरीला सहसा नवऱ्याला उभं करत नाहीत. पण काल माणसं कमी होती. रूडी म्हणाला, "तू कशाला खोटं बोलशील! जा, तीन नंबरला उभा राहा." एकटाच होतो, सगळ्यात लांबच्या टोकाला.

तिची शेवटची फेरी. शंकूंच्या रांगेतून आली ती काय आली! एवढी सुरेख मी तिला कधी बघितली नव्हती. शेवटच्या शंकूला मात्र चाक परत सरळ करायला डावा हात पुरला नाही. मागचा कोपरा लागला. शंकू डुलला, सरकला, उभा राहिला. मी धावलो. रेघेबाहेर होता. मधे माझी चार बोटं बसतील एवढा बाहेर.

रेडिओवर रूडी – "तीन, काही?"

मी शंकू उचलून चौकटीत ठेवला आणि म्हणालो, "तीन साफ."

पाच वर्षांपूर्वी, आमच्या लग्नाच्या वाढदिवशी, मीच तिचा शंकू पुकारला होता. तो तर बोटभरच बाहेर होता. दोन दिवस बोलली नव्हती माझ्याशी. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बरोबर होतं तुझं." आमच्या एका खोलीच्या शाळेत बाई आठवी आज्ञा फळ्यावर लिहून ठेवायच्या आणि आठवडाभर पुसायच्या नाहीत. खोटी साक्ष देऊ नको. शेजाऱ्याविरुद्ध, असं आहे त्यात. मी आर्डिसविरुद्ध दिली.

आणि खरं सांगू? पश्चात्ताप मागतोय, पण येत नाही. तिचा टोपीतला चेहराच येतो समोर.

बुधवार, १८ सप्टेंबर

दिवसभर काउंटीच्या खडीच्या रस्त्यांवर ग्रेडर चालवला. पातं खाली टाकलं की वर आलेलं सगळं सपाट होतं, म्हणून मला हे काम बरं वाटतं. आज मन सपाट होईना.

रूडीला सांगायचं तर तिची जीत जाते. माझं ओझं उतरवायला तिच्या हातातलं काढून घ्यायचं? आणि नाही सांगायचं, तर ज्याच्याकडे तिच्यासाठी रोज तोंड वेंगाडतोय त्याच्यापुढे कसा उभा राहू? दुपारी बांधावर ग्रेडर थांबवून विचारलं त्याला. मक्याची पानं तेवढी वाजली.

शुक्रवार, २० सप्टेंबर

टोपी खुंटीला आहे. त्या दिवसानंतर तिने ती एकदाही घातलेली नाही. त्या बाजूला बघतसुद्धा नाही.

शनिवार, २१ सप्टेंबर

सकाळी मी तिला ओटमील भरवत होतो. दोन घास झाल्यावर तोंड फिरवलं.

"मला लागला होता तो."

"काय?"

"शंकू रे. मागून धप्प वाजलं. मला काय ऐकू येत नाही? उतरले तेव्हा वाट बघत होते, आता दोन सेकंद जोडतील म्हणून. जोडलेच नाहीत. मी लांबून तुझ्याकडे बघितलं, तर तू बुटाची नाडी बांधत होतास. तुझ्या बुटांना नाडी नाही."

मी चमचा खाली ठेवला.

"एवढ्या वर्षांत तू मला बोटभरसुद्धा सोडलं नाहीस," ती म्हणाली. मध्ये थांबावं लागतं तिला आता. "शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, कसला बाई हा नवरा. मला बरं वाटायचं. हा असा आहे म्हणजे हा सांगतो ते खरं. – आणि त्या दिवशी सोडलंस. मग मला कळलं."

"काय कळलं?"

विचारायला नको होतं. मला ठाऊक होतं ती काय म्हणतेय.

"की तुला कळलंय." आणि मग, "गार झालं ते. गरम कर."

गरम करून आणलं. सगळं खाल्लं तिने.

रविवार, २२ सप्टेंबर

चर्चमधून आल्यावर तिने मला रूडीचा नंबर लावायला लावला. फोन मी तिच्या कानाशी धरला. "रूडी, तीन नंबरचा शंकू माझा. दोन सेकंद घाल. – नाही, त्याने नाही सांगितलं, मी सांगतेय. – आर्डिसलाही मीच सांगेन. ठेव आता."

फोन ठेवला. ती खिडकीशी बसली होती. मी उठायला लागलो तर म्हणाली, "बस. तू माझे किती दिवस धरलेस?"

पुढच्या वर्षाचं काहीतरी ओठांवर आलं होतं. गिळलं.

"ईस्टर," मी म्हणालो.

ती माझ्याकडे वळली.

"मी नाताळ धरला होता."