वासाच्या बारा बाटल्या

२ जानेवारी, शुक्रवार
काल लेकीबरोबर पाळणाघर पाहून आलो. शी. दुसरा शब्द नाही.

सगळीकडे प्लास्टिक. एक पोरगं पिवळं बदक चघळत बसलं होतं. दुसऱ्याने ते त्याच्या तोंडातून ओढून काढलं आणि थेट स्वतःच्या तोंडात घातलं. पाळणाघरवाल्या बाई हसत हसत आल्या आणि दोघांची तोंडं एकाच फडक्याने पुसली. तेच फडकं मग टेबलावर फिरवलं. खेळण्यांच्या टोपलीत हात घातला तर तळाशी ओल्या बिस्किटाचा लगदा, आणि त्यात केस. घरी येऊन तीनदा हात धुतले तरी बोटं चिकटच वाटत होती.

माझी नात इथे राहणार नाही, असं तिथेच सांगून टाकलं. लेक म्हणाली, बघू. हा तिच्या आईचा शब्द. आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही.

लेकीची रजा महिनाअखेर संपते. मुंगी, माझी नात, पावणेचार वर्षांची. माझी बायको सकाळी वाचनालयात कामाला जाते ती संध्याकाळीच उगवते. मी निवृत्त, धडधाकट, घरी. मुंगीने दुपारी माझ्याकडे राहावं यात 'बघू' म्हणण्यासारखं काय आहे? दुपारी मला घर खायला उठतं वगैरे काही नाही. मला भरपूर कामं असतात. प्रश्न मुलीच्या शिक्षणाचा आहे.

संकल्प: महिनाभरात हाताने बनवलेली, शास्त्रशुद्ध, शैक्षणिक खेळणी तयार करायची. लेकीने स्वतःहून म्हटलं पाहिजे की बाबा, तुम्हीच सांभाळा.

३ जानेवारी
प्लॅन तयार. तीन खेळणी. एक, आकारांची पेटी. दोन, स्पर्शफळी: एका फळीवर खरखरीत, मऊ, गुळगुळीत असे तुकडे. तीन, वासाच्या बाटल्या. हे माझं खास. डोळ्यांना वळण सगळेच लावतात, नाकाला कोण लावतं?

मी लावतो. साबणाच्या कारखान्यात तीस वर्षं सुगंध-परीक्षक होतो. मी हुंगून मान हलवल्याशिवाय एक वडी गेटबाहेर जात नसे. मॅनेजर माझ्या नाकाला वचकून असे.

हिला सांगितलं. ही म्हणाली, गेल्या हिवाळ्यातल्या त्या सर्दीनंतर तुमचं नाक रजेवरच आहे. रोख कळला नाही. सर्दी सगळ्यांनाच होते.

५ जानेवारी
बाजारातला गोंद विषारी. म्हणून कणकेची खळ शिजवली. खळ बोटांच्या बेचक्यात गेली की जे होतं ते लिहवत नाही.

स्पर्शफळी झाली. पॉलिश पेपर, लोकर, स्पंज, मखमल. मखमल हिच्या जुन्या ब्लाउजची, ते अजून तिला सांगितलेलं नाही.

संध्याकाळी मुंगी आली. पॉलिश पेपर चाटून बघितला. मग मखमलीवर गाल घासला, इथवर ठीक, आणि मग नाक पुसलं. या कानापासून त्या कानापर्यंत. मखमल आता मखमल राहिलेली नाही. ती सोलून काढताना मला उलटीच व्हायची बाकी होती. एवढ्याशा नाकात एवढं मावतं तरी कसं?

संकल्प: आधी नाक पुसायचं, मगच खेळणं हातात द्यायचं.

८ जानेवारी
आकारांची पेटी झाली. खालच्या मजल्यावरच्या सुताराकडून झाकणाला भोकं पाडून घेतली. गोल, चौकोन, त्रिकोण. मुंगीने सगळे तुकडे गोल भोकातून आत टाकले. चौकोनसुद्धा. सुताराने गोल फार मोठं पाडलंय. तो म्हणतो, तुम्हीच माप दिलंत. लोकांना जबाबदारी घ्यायलाच नको.

मग मुंगीने झाकण काढून हातात दिलं आणि सगळं एकदम आत ओतलं. असं करायचं नसतं हे समजावलं. तरी करते. शेवटी झाकण खिळ्यांनी ठोकून टाकलं.

रात्री लक्षात आलं की आता आत गेलेलं बाहेर येत नाही. खेळणं एकदाच खेळता येतं. हरकत नाही. मुलं त्यामुळे विचार करून खेळतील.

१० जानेवारी
ही घरात शिरली आणि चप्पलही न काढता सगळ्या खिडक्या उघडत सुटली. विचारते, काय मेलंय? मी म्हटलं, काही नाही. ती नाकाला रुमाल लावून ओणवी होऊन शोधत राहिली. शेवटी माझ्या टेबलाखालून खळीचं पातेलं काढलं. वर हिरवी लव, मधे गुलाबी ठिपके, कडेला पाणी सुटलेलं. दिसायला अतिशय ओंगळ, मान्य. बघूनच माझ्या अंगावर काटा आला. पण वास? अजिबात नव्हता. मी दिवसभर त्याच्याजवळ बसलो होतो, मला आला नसता का?

हिने पातेलंच फेकून दिलं. वर म्हणते, जिन्यापर्यंत येतोय. नाटकं.

१२ जानेवारी
बाटल्यांचं काम पूर्ण. काय सुंदर झाल्यात.

औषधाच्या बारा जुन्या बाटल्या, बाहेरून काळ्या रंगवलेल्या. आत वासाचा कापूस. सहा वास, प्रत्येकाच्या दोन बाटल्या: कॉफी, व्हिनेगर, लवंग, लिंबू, निलगिरी, साबण. मुलाने हुंगून जोड्या लावायच्या. मग बाटली उलटी करून तळाचा रंगीत ठिपका बघायचा. ठिपका जुळला की जोडी बरोबर. मोठ्या माणसाने मधे तोंड घालायची गरजच नाही.

शेवटी ओल्या फडक्याने पुसताना सगळे ठिपके निघून गेले. दुसरा कोणी असता तर रडला असता. मी एकेक बाटली हुंगली आणि ठिपके परत दिले. तीस वर्षांचा अनुभव आहे. वास फार सौम्य झालेत, इतके की साध्या माणसाला कळणारही नाहीत. पण भडक वास हे हलक्या मालाचं लक्षण, हे मी कारखान्यातही सांगायचो.

१५ जानेवारी
हिने न विचारता दोन बाटल्या उघडल्या. दोन्हींना निळा ठिपका. विचारते, लवंग आणि व्हिनेगर जुळी भावंडं आहेत का? मी म्हटलं, जुन्या पुस्तकांच्या धुळीने तुझं नाक गेलंय. तिने बुचं लावून बाटल्या जागेवर ठेवल्या. तिला पटलं असावं.

आजचा चहाही पाणचट. चहावाल्या कंपन्या हल्ली चहात काय घालतात देव जाणे. गेलं वर्षभर हेच चाललंय.

१८ जानेवारी, रविवार
बाटल्यांची पहिली चाचणी. वातावरण गंभीर ठेवलं होतं. मुंगीला पाटावर बसवलं, नाक पुसलं (माझा रुमाल गेला, तो मी परत वापरणार नाही).

मुंगीला हुंगणं म्हणजे बाटली नाकात खुपसणं वाटतं. प्रत्येक बाटलीच्या तोंडाला चकचकीत शेंबूड. मी मागोमाग पुसत होतो. शिक्षणासाठी सहन केलं.

सहाच्या सहा जोड्या भराभर लावल्या. सगळ्या चुकीच्या! ठिपके दाखवले. हा लाल, हा हिरवा, बघ. ती म्हणते, नाही, हे दोन सेम आहेत. मी पुन्हा शांतपणे समजावलं. ती म्हणते, सेम आहेत. मी आवाज जरा चढवला तर रडायला लागली.

लेकीला बाजूला घेऊन सांगितलं की मुलीच्या नाकात दोष दिसतोय, वेळीच दाखवून घे. लेकीने हिच्याकडे पाहिलं. हिने लेकीकडे पाहिलं. या दोघी हल्ली एकमेकींकडे फार बघतात.

२१ जानेवारी, बुधवार
आज मुंगी पहिल्यांदा दिवसभर माझ्याकडे. लेक म्हणाली होती, एक दिवस बघू कसं जमतं.

सकाळ उत्तम गेली. पेटी ठोकलेली असल्यामुळे मुंगी ती खुळखुळ्यासारखी वाजवत होती. मी छोट्या स्टुलावर, ती माझ्या पायावर. तिने मला तिच्या बाहुलीचा डॉक्टर केलं. मी बऱ्याच दिवसांनी हसलो. हे नोंदवून ठेवतो.

दुपारी दूध दिलं. कपात ओतताना बारीक कण आले, ते मी साय समजलो. मुंगी म्हणाली, शी, वास येतोय. मी म्हटलं, नखरे नकोत. ती म्हणाली, आजोबा, खरंच. मी कप नाकाला लावला, पूर्ण श्वास घेतला आणि सांगितलं, काहीही वास नाही. मी सांगितलं म्हणून ती प्यायली. डोळे मिटून, सगळं.

दहा मिनिटांत स्पर्शफळीवर उलटी. लोकरीत, स्पंजात, पॉलिश पेपरच्या कडेखाली. मग माझ्या पायावर. मग पुन्हा फळीवर. मी फळी धुवायला घेतली आणि स्पंज दाबल्यावर जे बाहेर आलं ते पाहून न्हाणीघरातच खाली बसलो.

ही आल्यावर तिने दुधाचं पातेलं उचलून नाकाजवळ नेलं आणि लगेच हात लांब केला. परवाचं दूध. मोरीत ओतून टाकलं.

मी हुंगलं होतं. मी हुंगलं होतं हे इथे लिहून ठेवतो.

२२ जानेवारी
लेक आली होती. रागावली असती तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाली, बाबा, तिचं नाव पाळणाघरात घातलं. मुंगीची तब्येत आता ठीक आहे.

मी म्हटलं, एका दुधावरून? ती म्हणाली, दूध नाही बाबा. उद्या गॅस असेल. मी म्हटलं, माझ्या नाकावर शंका? या घरात सगळ्यांची नाकं बिघडली आहेत आणि शिक्षा मला. रविवारी सगळ्यांनी या. बाटल्यांची चाचणी सर्वांसमोर घेऊ आणि दूध का दूध होऊन जाऊ दे. लेक म्हणाली, बघू.

२५ जानेवारी, रविवार
सगळे आले. जावईसुद्धा. मुंगीने जोड्या लावल्या. त्याच, गेल्या रविवारच्या. मी ठिपके दाखवले. चूक.

लेकीने पहिली जोडी हुंगली. मुंगी बरोबर आहे म्हणाली. मग हिने हुंगली. मग जावयाने, आणि तो सहसा कशातच पडत नाही. बरोबर. दुसरी बरोबर, तिसरी बरोबर. सहाही.

मग मुंगी एक बाटली घेऊन माझ्या मांडीवर चढली. तिने ती माझ्या नाकाला लावली आणि विचारलं, आजोबा, हा कसला?

मी डोळे मिटले. कारखान्यात मिटायचो तसेच. खूप वेळ हुंगलं. आत नुसती हवा जात होती, गार. मी म्हटलं, साबण. चांगल्या प्रतीचा, फुलांच्या अंगाचा. हा माल मी पास केला असता.

मुंगी खदखदून हसली. मी गंमत करतोय असं तिला वाटलं. हसता हसता मांडीवरून घसरली आणि म्हणाली, परत सांगा, परत सांगा. बाटलीत व्हिनेगर होतं. बाकी कोणी हसलं नाही. जावई मोबाइल बघायला लागला. ही उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

२७ जानेवारी
हिने मला नाकाच्या डॉक्टरकडे नेलं. अगदी कोवळा पोरगा. त्याने विचारलं, केव्हापासून? मी म्हटलं, काही झालेलं नाही. ही म्हणाली, गेल्या हिवाळ्यापासून. कुठलं नाक कसं चालतं हे मी त्याला सांगू लागलो, तर म्हणाला, काका, परत येईल किंवा येणारही नाही.

येताना हिने बाहेर चहा पाजला. आवडला का, असं विचारलं. मी म्हटलं, गरम आहे.

एवढंच कळतं. सबंध वर्ष एवढंच कळतंय. साबण तोंडाला लावतो तेव्हा नुसता फेस असतो. हे मी कुठे बोललो नव्हतो, इथेही नाही. ज्याची किळस यायची ते सगळं दिसतं, हाताला लागतं. फक्त वास येत नाही.

३० जानेवारी
मुंगीला बोलावून घेतलं. बाटल्या तिने हुंगल्या आणि मी ठिपके दिले. चुकलं की ती माझा हात धरून थांबवायची. पेटीचे खिळे काढले. पाळणाघरवाल्या बाईंनी खेळणी मागितली आहेत. तिथे नीट वापरतील की नाही, शंकाच आहे.

२ फेब्रुवारी, सोमवार
मुंगीचा पाळणाघरातला पहिला दिवस. खेळणी पोचवायची म्हणून मीही गेलो. बाकी कारण नाही.

बदक तसंच. फडकं तेच. एक शेंबडं पोरगं विचारल्याशिवाय येऊन माझ्या गुडघ्याला चिकटलं आणि त्याने पँटला तोंड पुसलं. मी पाय मागे घेतला नाही. तिथल्या बुटक्या खुर्चीत बसून मुंगी रडते का बघत होतो. ती रडली नाही.

तिने बाटल्या मांडल्या आणि एका मुलीला खेळ समजावून दिला. मग तिच्या कानाला तोंड लावून, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशी, कुजबुजली. हे माझ्या आजोबांनी केलंय. त्यांना वास येत नाही. पण त्यांना सांगू नकोस, त्यांना माहीत नाहीये.

मी खिडकीबाहेर बघत बसलो. बाई म्हणाल्या, आजोबा, आता निघालात तरी चालेल.