टीव्हीमागचा उंदीर

शूरवीर नवरोबा,

टीव्हीच्या कपाटामागे उंदीर मेलाय, हे परवापासून कानीकपाळी ओरडतेय. घरभर घाण सुटलीय, घास गिळवत नाही. आणि तू नाकाला रुमाल बांधून, दिवे मालवून गेममधल्या चालत्या-फिरत्या मढ्यांना गोळ्या घालतोयस! वर मलाच म्हणतोस, "राहू दे गं, या वासानं गेम कसा खराखुरा वाटतो!"

शी!

खऱ्या उंदराला हात लावायचा म्हटलं की तुझी पाचावर धारण बसते, एवढंच कारण आहे. हातमोजे आणि फिनाईल कंट्रोलरशेजारी ठेवलंय. मी आईकडे चाललेय. उंदीर उचललास तरच फोन कर.

शेजारच्या काकूंना बोलावू नकोस. मागच्या वेळी पाल खरं कोणी हाकलली, ते त्यांनी मला सांगितलंय.