चाखणं म्हणजे खाणं नव्हे

४ जानेवारी, सकाळी ६.२०
आजपासून ब्रेड बंद. भात बंद. बटाटा बंद. साखर तर बंदच. हा माझा स्वतःचा निर्णय आहे. डॉक्टरांनी फक्त एवढंच सांगितलं की तीन महिन्यांची सरासरी साखर ८.१ आलीय, एप्रिलपर्यंत सातच्या खाली आली नाही तर इन्सुलिन. रोज, पोटात टोचून.
बाबांनाही टोचावं लागायचं. आधी आई, मग मी. शेवटी शेवटी त्यांना सुई दिसायची नाही. काहीच दिसायचं नाही.
मी आंधळा होणार नाही. लिहून ठेवतो.

४ जानेवारी, संध्याकाळ
आहारतज्ज्ञ बाईंकडे जाऊन आलो. बाईंनी ड्रॉवर उघडला, एक कागद काढला, माझ्याकडे न बघता पुढे सरकवला. सकाळी ब्राउन ब्रेडच्या दोन स्लाइस. अकराला दोन बिस्किटं. दुपारी वाटीभर भात. चारला फळ. लोणी वर्ज्य. अंड्याचा फक्त पांढरा भाग. सगळं खा पण प्रमाणात, म्हणाल्या. मी म्हटलं, साखर वाढलेल्या माणसाला बिस्किटं? तर म्हणाल्या, लो-कार्ब वगैरे सगळी फॅडं आहेत.
घरी येऊन बाबांची जुनी फाइल काढली. तोच तक्ता! तीच दोन बिस्किटं! फक्त झेरॉक्स आणखी फिकी झालीय. बाबांनी हा कागद घड्याळ लावून पाळला होता. अकरा वाजले की बिस्किटं मागायचे. मीच द्यायचो.
बाईंचं नाव आजपासून तक्तेबाई.

६ जानेवारी
बायको म्हणते मीही तुमच्याबरोबर सोडते. म्हटलं, तुला काय झालंय? म्हणाली, एकाच टेबलावर तुम्ही अंडी खाणार आणि मी ब्रेड, हे मला जमायचं नाही.
तिची सकाळ म्हणजे दोन टोस्ट, लोणी, जॅम, चहा, खिडकीत उभं राहून. त्या दहा मिनिटांत तिच्याशी कुणी बोलायचं नाही, हा घरचा कायदा. तीस वर्षं. तो टोस्ट सुटला. मला फॅक्टरीतून रोज मिळणारा ब्रेड आता मेहुण्याकडे जातो.
बायको चांगली आहे. प्रत्येक गोष्ट दोन दिवस उशिरा करते, एवढंच.

९ जानेवारी
कामावर सगळे विचारतात, ब्रेडच्या फॅक्टरीत राहून ब्रेड सोडला? मी म्हणतो, याला म्हणतात मनोनिग्रह.
बावीस वर्षं चाखणाऱ्यांच्या खोलीत आहे. प्रत्येक बॅचची स्लाइस टेबलावर येते. अर्धी आपण घ्यायची, चावायची, मीठ, आंबूसपणा, मऊपणा, भाजणी यांना मार्क द्यायचे आणि घास कागदी कपात थुंकायचा. तसा नियम आहे. समोरचा चष्मेवाला थुंकतो. मी गिळतो. ब्रेडची शेवटची चव घशात कळते, हे कपात थुंकणाऱ्याला सात जन्मांत समजायचं नाही. शिफ्टला चौदा बॅच. पण ते काम झालं. शिंपी दिवसभर कपडे शिवतो, म्हणून त्याने ते घातले असं कुणी म्हणतं का?
बायकोने विचारलं, तिथे थुंकता ना? म्हटलं, नियमच आहे.

१७ जानेवारी, रविवार, सकाळी ७
घरच्या मशीनवर उपाशीपोटी साखर १३१. चला, मार्गाला लागलो! बायकोला झोपेतून उठवून सांगितलं. बरं, म्हणाली.

२ फेब्रुवारी, संध्याकाळी ५
शिफ्ट संपल्यावर सहज मोजली. २४८.
बोटाला पीठ लागलं असणार. हात धुऊन मोजली. २५१. म्हणजे मशीनच बिघडलंय. यापुढे फक्त रविवारी सकाळी मोजायची. सुट्टीच्या दिवशी मशीन बरोबर दाखवतं.

१४ फेब्रुवारी, रविवार
१३४. बघा.
मेहुणा आला होता. म्हणे, भाऊजी, सगळं खावं, थोडं थोडं खावं, आपले आजोबा सगळं खाऊन नव्वद वर्षं जगले. हे बोलताना माझ्याच फॅक्टरीचा ब्रेड चहात बुडवत होता. शेजारीण म्हणते फळं खा, फळांची साखर लागत नाही. सोसायटीचा वॉचमन म्हणतो मध घ्या. माझे कान किटलेत. ज्याला त्याला माझ्या ताटात बोट घालायचंय. बाबांच्या वेळी हेच सगळे भोवती जमून प्रमाणात, प्रमाणात करत होते. पुढे त्यांना हाताला धरून बाथरूममध्ये न्यायची वेळ आली तेव्हा यातला एकही फिरकला नाही.

१ मार्च
तक्तेबाई, दुसरी भेट. वजन दीड किलो वाढलंय, म्हणे लोण्यामुळे. आणि पुन्हा तो ड्रॉवर. पुन्हा तो कागद.
माझं डोकं फिरलं. म्हटलं, माझ्या वडिलांचे डोळे या कागदाने घेतले, आता माझेही घ्या. जरा मोठ्याने म्हटलं असेन. बाहेरच्या रांगेतले दारातून डोकावले. बाई लाल झाल्या. मग हळूच म्हणाल्या, रोज घेता ते सगळं लिहून आणा, मी वाचेन.
घाबरली!

८ मार्च
यादी सुरू केली. अंडी, चिकन, कोबी, काकडी, चीज. खाली रोज सही. शंभर टक्के खरं. बावीस वर्षं गुणवत्ता तपासणीत काढलीत, खोटी नोंद माझ्या हातून होणं शक्य नाही.
कोबीचा आता तिटकारा आलाय. पण सांगणार कुणाला?

२० मार्च
बायकोचे कपडे सैल झालेत. कमरेला पिन लावते. माझा पट्टा मात्र एक भोक सैल करावा लागला. पुरुषांचं शरीर उशिरा प्रतिसाद देत असावं.
भाजी आणायला निघालो होतो, ती कोपऱ्यावरच्या बेकरीसमोर थबकली. नुसती उभी. वास घेत होती. म्हटलं, काय गं, एवढ्यात हरलीस? गंमत केली. तिला हसू आलं नाही.

१ एप्रिल
दोघांनीही तपासणीला रक्त दिलं. तिचंही मुद्दाम तपासायला लावलं, पुरावा दुहेरी हवा.
हॉस्पिटलच्या मुख्य डॉक्टरांना पत्र लिहून तयार आहे. चार पानं. विषय: जुनाट आहार-तक्ता ताबडतोब रद्द करणेबाबत. सोबत माझा रिपोर्ट जोडणार. बाबांच्या फाइलीतलं पानही जोडणार. उद्या जगासमोर येऊ दे.

५ एप्रिल, संध्याकाळ
बायको ५.४. जानेवारीत गुपचूप तपासून घेतली होती, तेव्हा ६.२. म्हणजे काठावर. मला बोललीच नव्हती.
मी ९.६.
म्हटलं, नावांची अदलाबदल झालीय. डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्यासमोर फिरवून नाव दाखवलं. मग तक्तेबाईंना बोलावलं. बाईंनी माझी यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. म्हणाल्या, यादी उत्तम आहे. तक्ता जुना झालाय, हे मी तेव्हाच मान्य करायला हवं होतं. असं जेवून साखर वाढायला नको.
तीन महिने मी या वाक्याची वाट बघत होतो.
मग त्यांनी विचारलं, तुम्ही काम काय करता?
मी सांगितलं. अभिमानाने सांगितलं. बावीस वर्षं, चौदा बॅच, अर्धी अर्धी स्लाइस, शेवटची चव घशात. बाईंनी कागदावर हिशोब केला. रोज सात स्लाइस. त्यांच्या तक्त्यात दोन होत्या.
बायको शेजारच्या खुर्चीत होती, ती पर्स उचलून उठली. घरच्या जिन्यात फक्त एकदा विचारलं, चौदाच्या चौदा? मी तिला घशाचं समजावायला लागलो. ती पुढे निघून गेली.
पत्र पाठवायचंच आहे. मुद्दा खरा आहे. फक्त रिपोर्ट कुणाचा जोडावा, ते ठरत नाहीय.

६ एप्रिल, सकाळी ७.१०
उठलो तर घरभर टोस्टचा वास. बायको मेहुण्याकडून ब्रेड घेऊन आली होती. लोणी, जॅम, चहा, खिडकी. सावकाश खाल्लं. घरचा कायदा म्हणून मी गप्प उभा राहिलो. चुकलो म्हणायचं होतं. तिचा चहा संपला तेव्हा तोंडातून निघालं, ही शनिवारची बॅच, मीठ किंचित कमी, मीच पास केली होती.
तिने माझ्याकडे बघितलं. उरलेल्या स्लाइसचा अर्धा तुकडा बशीत ठेवला. शेजारी कागदी कप ठेवला. म्हणाली, दाखवा थुंकून.
मी चावला. मीठ खरंच कमी होतं. मऊपणा चांगला. भाजणी ठीक. ती कपाकडे बघत होती. मीही कपाकडे बघत होतो.
कप कोरडाच राहिला.
तिने हात धुतले, काल आणलेलं इन्सुलिनच्या सुईचं पाकीट फोडलं आणि म्हणाली, शर्ट वर करा.