निळा गोळा

३ मार्च

दाराला टेकण म्हणून लावलेला तोफगोळा जिवंत निघाला!

जिवंत! एकोणीस वर्षं! शाळेच्या एका वर्गात बसून लिहितोय. पोलिसांनी आमची अख्खी गल्ली रिकामी करून इथे आणून बसवली आहे. घर सोडताना लोक दागिने उचलतात, मी ही वही आणि संग्रहाचं नोंदपुस्तक उचललं. ही म्हणाली, "धन्य आहे तुमची!"

झालं असं. दारूगोळा कारखान्यातले एक निवृत्त फोरमन माझा लष्करी वस्तूंचा संग्रह बघायला आले होते. शिरस्त्राणं पाहिली, बिल्ले पाहिले, पाण्याच्या बाटल्या पाहिल्या. मी रंगात येऊन एकेकाची कुंडली सांगत होतो. चहा आला. कप तोंडाला लावता लावता त्यांची नजर दाराकडे गेली आणि कप तसाच खाली आला.

"मास्तर, याला भोक कुठे आहे?"

मी छाती फुगवून म्हटलं, "नाही म्हणून तर घेतला! अखंड माल आहे!" निकामी केलेल्या गोळ्याला आरपार भोक पाडलेलं असतं आणि असा भोकाचा माल आम्ही संग्रह करणारे नाक मुरडून बाजूला सारतो. वर मी त्यांनाच शिकवलं— "निळा म्हणजे सरावाचा. आत नुसती वाळू." ज्याची हयात दारूगोळ्यात गेली त्याला मी, चित्रकलेचा मास्तर, हे शिकवतोय!

ते वाद न घालता उकिडवे बसले. दार घासून घासून जिथे रंग उडाला होता तिथे पाहिलं. हात लावला नाही.

"निळ्याखाली पिवळं आहे. पिवळा म्हणजे जिवंत," ते म्हणाले. मग अगदी हळू, "वहिनी, गॅस बंद करा. सगळे सावकाश बाहेर चला. दाराला धक्का लावू नका." ते ओरडले असते तर मी एवढा घाबरलो नसतो.

नातू त्या गोळ्यावर बसून बूट घालायचा. ही दर आठवड्याला त्याला फडकं मारायची. आणि मी? मी त्यावर ठेवून वाकडे खिळे सरळ करायचो. हातोडीने!

४ मार्च

घरी आलो. बॉम्बनाशक पथकाने गोळा वाळूच्या पेटीतून नेला आणि गावाबाहेरच्या दगडखाणीत उडवला. आवाज इथपर्यंत आला. तावदानं थरथरली, कपाटातल्या बशा वाजल्या. ही मटकन खालीच बसली.

पथकाचे साहेब म्हणाले, "स्फोट घडवणारा फ्यूज शाबूत होता. नशीब बलवत्तर तुमचं." गोळ्याचं मी लिहिलेलं माहितीचं कार्ड त्यांनी मोठ्याने वाचलं— क्रमांक ११२, सरावाचा गोळा, निर्धोक. खाली माझी झोकदार सही. साहेब हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

५ मार्च

संग्रहाच्या खोलीला हिने कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. ती मागणार कुठल्या तोंडाने?

६ मार्च

सकाळी उठून चुंबककडे गेलो. चुंबक म्हणजे माझा भंगारवाला. खिशात कायम लोहचुंबक, म्हणून हे नाव मीच ठेवलेलं. गोळा त्याच्याकडूनच घेतला होता.

"त्याला निळा रंग कुणी दिला?"

"मीच की." पठ्ठ्याने सरळ सांगून टाकलं!

"अरे, का?"

"सर, तुम्हीच म्हणाला होता ना, निळा असला तरच घेईन, दुसऱ्या रंगाचा दारात आणू नकोस. मग मारला निळा. गिऱ्हाइकाला जसा पाहिजे तसा माल." मी कौतुक करायला आलोय असं त्याला वाटत होतं बहुतेक.

निळा कोण म्हणालं? मी. कशाला म्हणालो? शहाणपणा मिरवायला. त्याला कानफटात द्यावीशी वाटली, पण ती खरं तर मलाच बसायला हवी होती.

"किती रंगवलेस?" मी विचारलं.

"दोनच. दोन्ही तुम्हीच नेलेत, सर."

दोन!

तिथेच त्याच्या पत्र्यांच्या ढिगावर बसून नोंदपुस्तक उघडलं. क्रमांक ११३. पुढे माझ्याच अक्षरात— धाकट्याला भेट, दुकानाच्या उद्घाटनानिमित्त.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. त्याचं दुकान वेल्डिंगचं आहे. दिवसभर ज्योत, दिवसभर ठिणग्या! आणि मी त्याला काय दिलं? तर हे!

बारा वर्षं मी माझ्या भावाशी बोललेलो नाही. कारण लिहायलाही लाज वाटते. मी पाहुण्यांना एक शिरस्त्राण दाखवत होतो, लढाईतलं म्हणून. हा मध्येच म्हणाला, "दादा, हे नाटकातलं आहे. हा सांधा बघ, आजकालच्या मशीनचा आहे." चारचौघांत! मी म्हणालो, "सातवी नापास माणसाने मला इतिहास शिकवू नये. तू आपले पत्रे जोड." तो उठून गेला. त्याची बायको डोळे पुसत मागोमाग गेली. त्यानंतर त्याचा फोन आला की मी कापायचो. पुढे फोन यायचेच बंद झाले.

आज मी आठ वेळा लावला. नंबर अस्तित्वात नाही म्हणे. जुन्या दुकानाच्या जागी आता औषधांचं दुकान आहे. शेवटी पत्ता मिळाला तो चुंबककडून! सख्ख्या भावाचा ठावठिकाणा भंगारवाल्याला ठाऊक आणि मला नाही! पथकाच्या साहेबांना कळवलं. ते निघाले. मीही बस पकडली.

बसमध्ये लिहितोय. देवा, त्याला काही होऊ देऊ नकोस. बाकी काही मागत नाही.

७ मार्च

काल पुढचं लिहायला झालं नाही.

उतरलो आणि पळत सुटलो. या वयात, हातात छत्री, एक चप्पल निम्म्या रस्त्यात तुटलेली. पथकाची गाडी पोहोचायची होती. दुकानात धाकटा पाठमोरा बसून फाटक जोडत होता, ठिणग्यांचा नुसता सडा. मी रस्त्यातूनच बोंब मारली, "बंद कर! ज्योत बंद कर!"

त्याने गॉगल वर केला. केस पार पांढरे झालेत. बारा वर्षांनी भावाला पाहिलं आणि पहिलं वाक्य काय, तर "गोळा कुठे आहे?"

"कुठला?"

"निळा रे! मी दिलेला!"

त्याने ज्योत विझवली. मग म्हणाला, "तो होय? बारा वर्षं झाली त्याला. पोलिसांत दिला."

मी तिथेच फुटपाथवर बसलो. त्याने पाणी आणून दिलं. आपलं भांडण झालं त्याच महिन्यात, म्हणाला, गोळ्याला खालून स्टँड जोडायला घेतला होता. आधी रंग खरवडला तर आत पिवळा. रंगावर रंग कशाला, म्हणून संशय आला आणि हातातली ज्योत विझवली. पोलिसांना सांगितलं की भंगारात सापडला. माझं नाव घेतलं नाही.

एवढ्यात साहेब आले. त्यांनी फोनवरून जुनी नोंद काढायला लावली. खरं होतं.

मग मला राग आला. हो, रागच! "मला का नाही सांगितलंस? माझ्या दारात तसलाच होता! पोरं बसायची त्यावर!"

"कळवलं होतं की, दादा."

"खोटं! मला काहीही मिळालेलं नाही."

तो म्हणाला, "नंतर घराकडेही आलो होतो. फाटकातूनच पाहिलं. दाराला वीट लावलेली होती. म्हटलं, दादाने काढला गोळा. जिवात जीव आला आणि तसाच मागे फिरलो."

"आत का नाही आलास?"

"तू घेतलं असतंस?"

मी चप्पल शिवून कुठे मिळेल ते विचारलं. त्याने त्याच्या चपला काढून दिल्या.

८ मार्च

वीट! आमच्या दाराला वीट कधी होती? दिवसभर डोकं खाजवलं. मग नोंदपुस्तकातली उसनवारीची पानं काढली. बारा वर्षांपूर्वी, त्याच महिन्यात— क्रमांक ११२, शाळेचं प्रदर्शन, तीन दिवस.

तीन दिवस तो गोळा शाळेत होता. मीच पोरांची रांग लावून म्हणत होतो, "उचलून बघा, किती जड आहे!" एक मुलगी उचलता उचलता दमली होती. मी तिच्या हातातून अलगद काढून घेतला होता, तिच्या पायावर पडू नये म्हणून. पायावर!

हिला सांगितलं. तिने किल्ली कमरेची काढून माझ्यासमोर ठेवली. म्हणाली, "तुम्हीच ठरवा आता त्या खोलीचं काय करायचं."

९ मार्च

धाकटा आला होता. बसला नाही. खिशातून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं आणि हिच्याशी दोन शब्द बोलून गेला.

रजिस्टर टपाल. त्याचं अक्षर, माझा पत्ता. वर पोस्टमनचा शेरा— घेण्यास नकार. बारा वर्षांपूर्वीची तारीख. आठवलं! घराच्या वाटणीची नोटीस असेल म्हणून मी दारातूनच परत धाडलं होतं. त्यानेही ते कधी फोडलं नव्हतं. मी आज फोडलं.

"दादा, तूच खरा, मी खोटा. म्हणशील तर सगळ्यांसमोर पाया पडून माफी मागतो. पण दाराचा तो निळा गोळा आजच्या आज घराबाहेर काढ."