धाकट्याचा हरवलेला शब्द

प्रिय आई,

पाया पडते. चष्मा लावून सावकाश वाच, घाबरण्यासारखं काही नाही.

परवा फोनवर तू धाकट्याला विचारलंस, "मी कोण, सांग." तो "खुर्ची" म्हणाला आणि तू फोन ठेवलास. तो बराच वेळ फोनकडे बघत बसला होता.

याला इथले डॉक्टर अफेझिया म्हणतात. मला वाटलं होतं, शिडीवरून पडला आणि माणसंच विसरला. बोलण्याचा सराव घेणाऱ्या बाईंनी समजावलं, "मेंदूत मार बोलण्याच्या जागी लागलाय. त्यांना माणूस कळतो, नेमका शब्द तेवढा सापडत नाही. मग भलताच तोंडात येतो."

मला पटेना. तेव्हा त्यांनी पाच बायकांचे फोटो टेबलावर मांडले आणि त्याला म्हणाल्या, "आई दाखवा." त्याने लगेच तुझा उचलला. परत द्यायलाच तयार नाही!

उजवा हात अजून उचलत नाही. डाव्याने जेवतो, थोडं सांडतं. तुझा गुडघा कसा आहे? बाबा गोळ्या वेळेवर घेतात ना?

काल त्याच्या शर्टाचं बटण लावायला गेले, तर खेकसला आणि सणसणीत शिवी हासडली, अगदी सबंध! बाई म्हणाल्या, शिव्यांसारखं सवयीने तोंडात बसलेलं आधी बाहेर येतं. मी हसता हसता रडले.

रविवारी फोन कर. त्याची परीक्षा मात्र घेऊ नकोस. नेहमीसारखं शेजाऱ्यापाजाऱ्यांचं सांग. तो सगळं ऐकतो, आई.

तुझी,
थोरली